साठ हजारांतला गेमिंग संगणक : तापकीर गल्लीतली खरेदी आणि सव्वा वर्षाचा वापर

२०२४ च्या दिवाळीत भाच्यासाठी सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या संगणकाला आता सव्वा वर्ष झाले आहे. भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला खेळ खेळायचे होते; माझ्या ताईला मात्र त्यावर अभ्यासही व्हायला हवा होता आणि खर्च ६० हजारांच्या वर जायला नको होता. मॉनिटर मामाच्या खात्यावर पडेल असे ठरल्यामुळे हे ६० हजार निव्वळ कॅबिनेट आणि त्याच्या आतल्या सामानासाठी मोकळे राहिले. दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या. बाकी सगळे पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून घेतले. कोणती निवड बरोबर ठरली, कोठे पैसे उगाच गेले आणि दुकानदाराचे कोणते म्हणणे ऐकले नाही याचे आज समाधान वाटते, ते पुढे लिहीत आहे.

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा, “आय-फाइव्ह देऊ की आय-सेव्हन?” असा, आणि बजेटचा तोल तिथेच जातो. खेळांसाठीच्या संगणकाची निवड पडद्यापासून सुरू करावी, हे माझे मत खरेदीपूर्वीही होते आणि आता ते पक्के झाले आहे. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर जवळपास ३७ लाख, आणि फोर-के पडद्यावर पहिल्याच्या बरोबर चौपट. यातला प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहूनही अधिक वेळा रंगवण्याचे काम ग्राफिक कार्डाला करावे लागते. म्हणजे पडदा ठरला की कार्ड ठरते, कार्ड ठरले की त्याला खोळंबून ठेवणार नाही इतका प्रोसेसर ठरतो, आणि उरलेले भाग या दोघांच्या गरजेप्रमाणे येतात. आम्ही २४ इंची, आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणारा), १०८०पी (म्हणजे वरच्यातला पहिला) आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर सुमारे १० हजारांत घेतला. भाच्याचा डोळा २७ इंचीवर होता. पण तेवढ्या मोठ्या पडद्यावर हेच ठिपके पसरले की अक्षरे भरड दिसतात, आणि दिवसातले चार तास प्रोग्रॅमच्या ओळी वाचणाऱ्या मुलाला ते सोसणारे नव्हते.

कार्ड म्हणून एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० निवडले. ते २०२१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेले, म्हणजे आम्ही घेतले तेव्हाच तीन वर्षांचे जुने होते. परंतु ८ जीबी मेमरी, १३२ वॉट इतकीच विजेची मागणी आणि साडेवीस हजारांचा भाव या तिन्ही गोष्टी एकत्र देणारे दुसरे नवे कार्ड त्या दिवशी गल्लीत नव्हते. एनव्हिडियाचे १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० सुमारे पाच हजारांनी महाग होते आणि आरटीएक्स ४०६० त्याहूनही वर. इथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे : मशीन लर्निंगचे बहुतेक साहित्य एनव्हिडियाच्या क्यूडावर (कार्डावर आकडेमोड चालवणाऱ्या त्यांच्या प्रणालीवर) बेतलेले असते, त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर ते काम करायचे आहे त्याने पाच हजार जास्त मोजून ३०६० घेणेच शहाणपणाचे होते. भाच्याची शाखा यंत्र अभियांत्रिकीची असल्याने आम्हाला ती अडचण आली नाही. आणखी स्वस्तात जायचे म्हणून दाखवलेले आरएक्स ६५०० एक्सटी मात्र आम्ही हातातही घेतले नाही, कारण त्यात केवळ ४ जीबी मेमरी आहे आणि ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर त्याची गती चांगलीच घटते.

वापरलेल्या कार्डांचा मोह अनेकांना पडतो. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत सोडून दिली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने विक्रीला आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरत आहेत. सगळीच वाईट असतील असे नाही, पण पंखे झिजलेले आणि वॉरंटी संपलेली वस्तू ताईच्या पैशांनी घेण्याचे धाडस मला झाले नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानदाराशी खरी चर्चा झाली. आम्ही रायझन ५ ५६०० मागितला, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “साहेब, पाच-सहा-शून्य-शून्य-जी घेऊन जा, ग्राफिक्स आतच आहे, कार्ड बिघडलं तरी काम थांबणार नाही.” हा सल्ला वरवर काळजीचा वाटतो आणि ज्याला कार्ड नंतर कधीतरी घ्यायचे आहे त्याच्यासाठी तो योग्यही आहे. पण नावातल्या त्या एका ‘जी’मुळे आतली चिपच बदलते : ५६०० मध्ये ३२ एमबी एल-थ्री कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) असते, ५६००जी मध्ये ती निम्मी, १६ एमबी आहे, आणि पीसीआय एक्सप्रेसही चौथ्या पिढीऐवजी तिसऱ्या पिढीची मिळते. खेळांमध्ये कॅशेचा फरक थेट जाणवतो. ५५०० या स्वस्त भावंडाचीही हीच गत आहे. इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ हा तितकाच चांगला पर्याय होता, त्यालाही सहा गाभे (कोर) आणि बारा थ्रेड आहेत. आमच्या हिशेबात बोर्डासह एएमडीची जोडी काही शेकड्यांनी स्वस्त पडली, एवढेच. इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही.

साडेअकरा हजारांचा हा प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्यावा, ‘ट्रे’ नको. ट्रे प्रोसेसर हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो, पण त्यासोबत पंखा नसतो आणि डब्यावर मिळणारी एएमडीची तीन वर्षांची वॉरंटीही नसते. जी काही हमी असते ती दुकानदाराच्या शब्दाची.

मदरबोर्ड हा माझ्या हातून झालेला अनावश्यक खर्च आहे. बी५५० चिपसेटचा बोर्ड ९ हजारांना घेतला, तर ए५२० चा सहा हजारांत मिळत होता. ए५२० वर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवणे, करता येत नाही आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचे मिळते, हे खरे. परंतु ओव्हरक्लॉकिंग आम्ही आजवर केलेले नाही, आणि आठ लेन वापरणाऱ्या आरएक्स ६६०० ला तिसऱ्या पिढीवर होणारा तोटा खेळताना लक्षात येण्याइतका नसतो. ते तीन हजार कार्डात घातले असते तर ३०६० आवाक्यात आले असते.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, डीडीआर४, ३२०० गतीची, सुमारे ३४०० रुपयांत. १६ जीबीची एकच पट्टी घेऊन “दुसरी नंतर टाका” असे सांगितले जाते, ते मानू नये. एका पट्टीवर मेमरीचा एकच मार्ग चालतो आणि खेळ अडखळतात. फाइली साठवणाऱ्या एक टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ती ५६०० रुपयांना मिळाली आणि निमूटपणे चालते आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, गेला, आणि तो जायलाच हवा होता. गल्लीतल्या एका दुकानात ३२०० रुपयांच्या कॅबिनेटसोबत ‘सहाशे पन्नास वॉट’ असे ठळक छापलेला एसएमपीएस फुकट मिळत होता. मी तो उचलून पाहिला, तर तो आमच्या घरच्या खलबत्त्यातल्या बत्त्यापेक्षाही हलका लागला. कोणत्या व्होल्टेजवर किती अँपिअर मिळतील याचा तक्ता त्यावर नव्हता, आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरही नव्हती. मी विचारले तेव्हा कन्व्हर्टर लावून देण्याची तयारी दाखवण्यात आली. वास्तविक आमच्या संगणकाची भूक फार नाही : कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारे ७६ वॉट, आणि बाकी सगळे मिळून पन्नासेक, एएमडीही या कार्डासाठी ४५० वॉटचीच शिफारस करते. म्हणून कागदावरच्या साडेसहाशेऐवजी ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॉटचा एसएमपीएस ४३०० रुपयांना वेगळा घेतला. ८० प्लस हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षे पाहणे हा माझा साधा निकष आहे. कॅबिनेट मग पुढून जाळी असलेले ३६०० रुपयांचे घेतले. काचेचे तोंड असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण हवा आत यायची कोठून?

सगळ्याची बेरीज ५७,९०० झाली. गल्लीतल्या ज्या दुकानातून बहुतेक भाग घेतले तिथला व्यवहार चोख होता : प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून मिळाला आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवला गेला. दुसऱ्या एका ठिकाणी “बिल नको असेल तर आठशे कमी करतो” असे ऐकावे लागले. कच्च्या चिठ्ठीवर सर्व्हिस सेंटर विचारत नाही, त्यामुळे तिथून पाय काढला. गाडी घेऊन जाऊ नये. मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाणे सोपे पडते, आणि परतीला कॅबिनेटचा खोका असल्याने रिक्षा करावी लागते.

जोडणीला एक रविवार लागला. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. अर्धा तास मी बोर्डाला दोष देत होतो; शेवटी भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, केबल मदरबोर्डाला लावली आहे, कार्डाला नाही.” ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, हे काउंटरवर तावातावाने सांगणारा मीच होतो. दुसरी चूक महिनाभर लपून राहिली : ३२०० ची रॅम २६६६ वरच धावत होती, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण गतीने चालवणारी सोय, चालू केलेली नव्हती, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६० वर ठेवला होता. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी तपासाव्यात.

चालण्याबद्दल तक्रार नाही. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ सेकंदाला १४४ चित्रांच्या वर सहज राहतात, आणि सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरेखुरे परिणाम दाखवणारी, कार्डाला जड जाणारी सोय) बंद ठेवून ‘हाय’वर ६० च्या आसपास चालतो. ८ जीबी मेमरी ही मर्यादा आता दिसू लागली आहे. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाच्या किमान गरजांत हेच कार्ड लिहिलेले होते, म्हणजे उंबरठा आमच्या पायापर्यंत आला आहे. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असताना प्रोसेसर ८० च्या आसपास गेला. त्याची मर्यादा ९० आहे.

आज हीच यादी घेऊन गेलात तर बेरीज जमणार नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे भाव कडाडले आहेत. घरी जुन्या संगणकातली डीडीआर४ च्या पट्ट्यांची जोडी असेल तर ती जपावी आणि एएम४ चाच, म्हणजे आमच्यासारख्या रायझन प्रोसेसरची बैठक असलेलाच, बोर्ड पाहावा. त्यानंतरच्या एएम५ ला डीडीआर५ शिवाय चालत नाही. आमच्याकडे पुढचा बदल कार्डाचाच असेल, बहुधा १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी, आणि तेव्हा तो ५५० वॉटचा एसएमपीएस बदलावा लागणार नाही. तोवर कॅबिनेटची पुढची जाळी दर दोन महिन्यांनी, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा, भाचा काढून धुतो.