कार्यालयीन कागदपत्रांसाठी ई-रीडर: सात इंची की दहा इंची?

ईमेलने येणारे अहवाल, करारांचे मसुदे आणि शासन निर्णय निवांत वाचता यावेत म्हणून ई-रीडर घ्यायचा असेल, तर कंपनीचे नाव पाहण्याआधी आपल्याकडे वर्डच्या फायली जास्त येतात की पीडीएफच्या, हे तपासावे.

वर्डच्या फायली असतील, तर अ‍ॅमेझॉनचा सात इंची ई-रीडर, किंडल पेपरव्हाइट, पुरेसा आहे. किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. आपला पत्ता अ‍ॅमेझॉनच्या मान्य यादीत नोंदवून आलेली फाइल तिकडे फॉरवर्ड केली, की ती वाय-फायवरून उतरते आणि मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप मांडला जातो, अक्षरही हवे तेवढे मोठे करता येते. ईमेलने पाठवलेली फाइल ५० एमबीपर्यंत चालते. एक्सेलची फाइल मात्र या मार्गाने स्वीकारली जात नाही.

पीडीएफचे पान ठरलेल्या मापाचेच राहते, आणि खरी अडचण तिथेच आहे. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी, सात इंची पडद्याची जेमतेम साडेदहा. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे होते आणि देवनागरीतले अनुस्वार व रफार डोळे बारीक करून शोधावे लागतात. उपकरण आडवे धरून पान तुकड्यातुकड्यांनी वाचता येते, पण तक्ता मध्येच तुटला की मागेपुढे करण्यातच वेळ जातो. विषयाच्या ओळीत ‘कन्व्हर्ट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून पाठवल्यास पीडीएफचेही रूपांतर होते. साध्या इंग्रजी मजकुराला ते ठीक आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधल्या जुन्या फायलींचा मात्र त्यात रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ होऊ शकतो, म्हणून त्या मूळ रूपातच वाचाव्यात.

पीडीएफच जास्त वाचणाऱ्याने १०.२ इंची किंडल स्क्राइबचाच विचार करावा. त्यावर तेच अक्षर ९ पॉइंटच्या आसपास दिसते, समासात पेनने शेरे मारता येतात आणि शेऱ्यांसह फाइल ईमेलने परत पाठवता येते. किंमत बरीच जास्त आहे. शिवाय २०२२ सालच्या स्क्राइबचे वजन सुमारे ४३० ग्रॅम, म्हणजे पेपरव्हाइटच्या दुप्पट आहे. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने वाचणाऱ्याला ते जड वाटेल.

बूक्स या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरांत अँड्रॉइड असल्यामुळे जीमेलमधूनच अटॅचमेंट उघडते आणि योग्य अ‍ॅप टाकल्यास एक्सेलही दिसते. मात्र ई-रीडरच्या सावकाश बदलणाऱ्या ई-इंक पडद्यावर मोठा तक्ता सरकवत वाचणे कंटाळवाणे असते आणि अ‍ॅप चालू राहिली की बॅटरीही लवकर उतरते. माझ्या मते, केवळ एक्सेलसाठी हे उपकरण घेऊ नये; ते काम लॅपटॉपवरच बरे.

गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. किंडलच्या पत्त्यावर पाठवलेली फाइल अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवरून जाते आणि सेटिंग बदलले नाही, तर तिथल्या आपल्या संग्रहात राहते. कार्यालयाची त्याला परवानगी नसेल, तर यूएसबी केबलने पीडीएफ फाइल उतरवावी. आणि कार्यालयाच्या संगणकावर यूएसबीही बंद असेल, तर खरेदीपूर्वी आयटी विभागाशी बोलून घ्यावे.