नऱ्हे-धायरीहून बाणेर: बायपास की गावातून?

पुण्यात नऱ्हे, आंबेगाव, धायरी साइडला फ्लॅट बघताय आणि ऑफिस बाणेर-बालेवाडीला, तर एजंट म्हणणारच की बायपासला लागलं की पोचलात. रविवारी सकाळी ते खरंही आहे. मी दोन्ही रस्ते टू-व्हीलरवर केलेत, कारवाल्यांचं गणित थोडं वेगळं असू शकतं.

बायपासला सिग्नलची कटकट नाही, चांदणी चौकातला जुना पूल 2022 ला पाडून 2023 ला नवीन उड्डाणपूल सुरू झाला तेव्हापासून तिथला जॅमही पूर्वीसारखा राहिला नाही. पण हा रस्ता मुळात मुंबई-बंगळूरची वाहतूक गावाबाहेरून काढायला केलेला, आता गावच त्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलंय आणि खरा रिंगरोड अजून व्हायचाय, त्यामुळे कंटेनर आणि आयटीवाले सगळे इथेच. त्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार. नोव्हेंबर 2022 मधे एका अपघातात वीसच्या वर गाड्या ठोकल्या गेल्या तो इथलाच.

तरी मला वैताग आणला तो सर्विस रोडने. मस्त चाललोय आणि मधेच रस्ता संपतो, पुढे हायवेवर चढायला एक फट. आरशात ट्रक भरून आलेला, मागचा हॉर्न मारतोय, समोरून राँग साइडने एकजण येतोय (त्यालाही काय बोलणार, यू-टर्न कुठल्या कुठे आहे), आणि कसेबसे चढलात की थोड्या वेळाने परत उतरा, परत तेच. पावसात संध्याकाळी तर नकोच वाटतं. आणि हायवेवर जॅममधे अडकलात की पुढचा कट येईपर्यंत सुटका नाही.

गावातून म्हणजे राजाराम पूल, कर्वेनगर, नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, विद्यापीठ चौक. सिग्नलला जीव जातो, विद्यापीठ चौकाने तर मेट्रोच्या कामात सगळ्यांचाच अंत पाहिला. पण वेळ जास्त लागला तरी रोज साधारण तेवढाच लागतो, आणि तुंबलंच तर एखाद्या गल्लीत घुसता येतं, चहा घेता येतो. माझं तरी हेच ठरलंय.

कार असेल आणि सातच्या आत निघणार असाल तर बायपास घ्या, मी नाही म्हणणार नाही. टू-व्हीलर असेल तर टोकन द्यायच्या आधी एखाद्या वर्किंग डेला संध्याकाळी दोन्हीकडून येऊन बघा.