गणित-कला कार्यशाळा, दादर: तिहाई जमली, शंख फसला

दादरच्या एका संस्थेने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी घेतलेल्या शनिवार-रविवारच्या गणित-कला कार्यशाळेत पालक म्हणून मला पूर्ण वेळ बसता आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेच्या आधारे विषय शिकवण्यावर भर आहे. बऱ्याच शाळा त्याचा अर्थ भौमितिक आकृत्या रंगवून फलकावर लावणे एवढाच घेतात. त्यामुळे गणित काढून घेतले तर कला अडते का, एवढेच मला पाहायचे होते.

तबल्याच्या सत्रात ती अडली. शिक्षकांनी तीनतालाच्या १६ मात्रा हातावर धरायला लावल्या आणि समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, निघून पुढच्या समेवर संपणारी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा एकच तुकडा, मुलांनाच रचायला सांगितली. पुढची सम म्हणजे १७ वी मात्रा. तेव्हा तुकड्याच्या मात्रांची तिप्पट आणि मधल्या दोन सारख्या विरामांची दुप्पट मिळून १७ यायला हवे. पाचाचा तुकडा आणि एकाचा विराम जुळतो, तिनाचा तुकडा आणि चाराचा विरामही जुळतो. एक गट मात्र चार मात्रांच्या तुकड्यावर अडून बसला होता, आणि विराम पूर्ण मात्रांचे ठेवले तर दोनाने भाग जाणारा तुकडा येथे कधीच बसणार नाही, हे त्यांच्यातल्याच एका मुलीने फळ्यावर सिद्ध करून दाखवले.

रांगोळीचे सत्रही चांगले झाले. ‘११ ते ६’ ठिपके आपल्याकडे घरोघरी काढतात, पण ते एकूण ९१ असतात हे किती जणांना ठाऊक असते? मधल्या ठिपक्याभोवती ६, १२, १८, २४ आणि ३० ठिपक्यांची षट्कोनी कडी पडतात, हे मुलांनी खडूने रेघा मारून शोधले.

कवितेच्या छंदांवर मात्र अन्याय झाला. लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरली तर चार मात्रांच्या ५ आणि पाच मात्रांच्या ८ रचना होतात, आणि इटालियन गणिती फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी जैन पंडित हेमचंद्राने हा क्रम (पुढची संख्या म्हणजे आधीच्या दोघींची बेरीज) सांगितला होता, एवढे घाईघाईने उरकून वक्ते या क्रमातल्या लागोपाठच्या संख्यांचे प्रमाण ज्याच्या जवळ जाते त्या सुवर्ण गुणोत्तराकडे (सुमारे १.६१८) वळले. तेथे नॉटिलसचा शंख या गुणोत्तराचा नमुना म्हणून दाखवला गेला, हे सरळ चूक आहे. त्याचे वेटोळे लॉगरिदमिक सर्पिलाचे, म्हणजे दर वेढ्याला ठरावीक पटीने रुंदावणारे, असते, पण त्याच्या वाढीचे प्रमाण सहसा सुवर्ण गुणोत्तराशी जुळत नाही; मुलांच्या हाती पट्टी आणि शंखाचे छायाचित्र दिले असते, तर त्यांनीच ते पकडले असते.

शुल्क जरा जास्त वाटले, विशेषतः साऱ्या वर्गात तबल्याची एकच जोडी असताना. पाठवायचेच असेल तर सातवी-आठवीच्या मुलांना पाठवावे. अक्षर धरून समीकरण मांडायची सवय नसलेली सहावीची मुले तिहाईच्या वेळी नुसत्या टाळ्या देत राहिली.