सेगा एजेस आणि एम-टू : काही महिने खेळून झाल्यावर

सेगा या जपानी कंपनीचे जुने गेम निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर नव्याने आणणाऱ्या 'सेगा एजेस' मालिकेतले गेम गेले कित्येक महिने माझ्या रोजच्या खेळण्यात आहेत. आधी निकाल सांगते: जुन्या गेमचं इतकं प्रामाणिक काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात मात्र हे कळत नाही. तेव्हा 'वा, लहानपणचा गाडी पळवायचा आउटरन!' एवढंच होतं. हे गेम ज्यांनी स्विचवर आणले त्या एम-टू या जपानी स्टुडिओची कमाल हळूहळू उलगडत जाते.

एम-टू १९९१ साली सुरू झाला, नाओकी होरिई त्याचे प्रमुख. सुरुवातीचं काम म्हणजे मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरच्या यंत्रावरचा 'गॉन्टलेट ४', १९९३ चा. म्हणजे आर्केडमधला, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा गेम घरच्या कमी ताकदीच्या यंत्रावर बसवणं. पुढे प्लेस्टेशन २ वरचे 'सेगा एजेस २५००' मधले संग्रह, निन्टेन्डोच्या वी या यंत्रावरचे जुने गेम, त्यांच्याच ३डीएस या हातातल्या यंत्रावरची थ्रीडी मालिका, असं करत तीस वर्षं हे लोक त्याच एका प्रश्नाला भिडलेले आहेत: जुना गेम नव्या यंत्रावर आणताना काय जपायचं आणि काय बदलायचं?

त्यांचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट कळलं ते 'फँटसी स्टार'मध्ये. १९८७ चा हा आरपीजी, म्हणजे पात्र होऊन कथा जगायचा गेम. अलिस नावाची मुलगी भावाच्या खुनाचा बदला घ्यायला निघते आणि तीन ग्रह पालथे घालते. त्यातली भुयारं प्रत्यक्ष चालल्यासारखी समोरून दिसतात, सगळ्या भिंती सारख्याच, आणि मूळ गेममध्ये नकाशा नाही. त्या काळी लोक चौकटीच्या कागदावर स्वतः नकाशे काढत. एम-टूने इथे आपोआप उमटत जाणारा नकाशा दिला, शस्त्रांची आणि मंत्रांची यादी दिली, शिवाय 'एजेस' नावाचा मोड दिला, ज्यात राक्षस कमी वेळा आडवे येतात आणि अनुभव व पैसा जास्त मिळतो. मूळ गेम जसाच्या तसा शेजारी ठेवलाय, तो हवा तर तोही खेळा. एजेस मोडमध्ये कथेचा धागा तुटत नाही. तोच तोच शत्रू मारत तासन्‌तास फिरावं लागत नाही, त्यामुळे ऑफिसहून आल्यावर अर्धा तास खेळलं तरी एक भुयार पार पडतं. संगीतासाठी एफएम आवाजाचा, म्हणजे वेगळ्या चिपमधून येणाऱ्या भरदार सुरांचा पर्यायही आहे. जपानमधल्या यंत्रावर तो मिळायचा, जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या मास्टर सिस्टिम या सेगाच्या यंत्रावर नव्हता. तो लावून बघाच. पहिल्याच भुयाराचं संगीत अंगावर काटा आणतं.

या गेमच्या मूळ चमूत चित्रं काढणाऱ्या रिएको कोडामा होत्या, आणि स्विचवरच्या सेगा एजेस मालिकेच्या मुख्य निर्मात्याही त्याच. आपण तरुणपणी रंगवलेलं जग तीस वर्षांनी नव्या खेळाडूंसाठी पुन्हा मांडायला त्या स्वतः होत्या. २०२२ साली त्या गेल्या. हे कळल्यानंतर मी तो नकाशा वेगळ्या नजरेने बघायला लागले. काय सोपं करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणाऱ्यांत मूळ गेम घडवणारी बाई होती.

'व्हर्च्युआ रेसिंग'ची गोष्ट यंत्राच्या ताकदीची आहे. १९९२ साली आर्केडमध्ये आलेली, बहुभुजी आकार जोडून त्रिमिती दृश्य उभं करणारी ही गाड्यांची शर्यत मेगा ड्राइव्हवर आणायला सेगाला १९९४ मध्ये कार्ट्रिजमध्येच, म्हणजे गेमच्या डबीतच, खास चिप घालावी लागली, आणि ते कार्ट्रिज त्यामुळे महागडं झालं. एम-टूने स्विचवर आर्केडचीच आवृत्ती दिली. मूळची सेकंदाला ३० चित्रं होती, इथे ६०, आणि पडदाही रुंद. एकाच स्विचवर आठ जण खेळू शकतात. रस्ते तीनच, आणि मला वाटलं होतं की पंधरा दिवसांत कंटाळा येईल. तसं झालं नाही. त्यातल्या बे ब्रिज या रस्त्याच्या एका वळणावर ब्रेक कधी दाबायचा हे अजून घोटतेय, कारण ६० चित्रांमुळे गाडी घसरायला लागल्याचं हाताला आधी कळतं. घरी पाहुणे आले की हाच गेम लागतो. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही तेही दोन शर्यतींत रमतात.

'आउटरन'मध्ये पुन्हा तेच ६० चित्रांचं काम. पंधरा टप्पे, दर टप्प्याला डावं की उजवं, आणि पाच वेगवेगळे शेवट. शेवट गाठत गेलं की गाडीत सुधारणा मिळतात, म्हणून न आवडणारा रस्ताही एकदा धरावासा वाटतो. संगीतकार कावागुचींचं संगीत तर आहेच.

मालिकेतला विमान उडवत गोळ्या झाडायचा 'थंडर फोर्स ४' माझ्या हाताला अजून जड जातो. 'हर्झोग झ्वाय' १९८९ चा, पाळी न लावता चालणाऱ्या डावपेचांच्या व्हिडिओ गेमचा एक पूर्वज. इतिहास म्हणून तो महत्त्वाचा आहे, पण एकट्याने खेळायला कोरडा.

या स्टुडिओचं वेड समजून घ्यायचं असेल तर मालिकेबाहेरचं एक उदाहरण सांगावंच लागेल. 'फँटसी झोन २' हा गोळ्या झाडायचा गेम १९८७ मध्ये घरच्या मास्टर सिस्टिमसाठी बनला होता. २००८ साली एम-टूने तो प्लेस्टेशन २ वरच्या संग्रहासाठी नव्याने केला, आणि असा केला की जणू त्याच काळात तो सेगाच्या सिस्टिम १६ या आर्केड बोर्डवर, म्हणजे आर्केड यंत्राच्या आतल्या संगणकावर, निघाला असता. रंग, आवाज, हालचाल, सगळं त्या बोर्डाच्या मर्यादेत. संगीत नाटकाची पदं न बदलता नवं नेपथ्य उभारावं तसं. २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनीतही, म्हणजे जुन्या यंत्राच्या छोट्या नव्या आवृत्तीत, ४२ गेममध्ये त्यांनी 'डॅरियस' हा आर्केड गेम दिला, जो मूळ मेगा ड्राइव्हवर कधी आलाच नव्हता.

उणीव? मालिका २०२० मध्ये १९ गेमवर थांबली. 'फँटसी स्टार'चे पुढचे भाग याच हातांनी झाले असते तर मी डोळे मिटून घेतले असते. दुसरी काळजी डाउनलोडची. एम-टूचे ३डीएसवरचे थ्रीडी गेम, ज्यांत 'स्पेस हॅरियर' खेळताना आर्केडच्या हलत्या खुर्चीसारखा पडदा कलायचा, ते २७ मार्च २०२३ ला दुकान बंद झाल्यापासून डाउनलोड करून विकत घेता येत नाहीत. कार्ट्रिजवर आलेला संग्रह जुन्या बाजारात शोधावा लागतो.

एकच घ्यायचा असेल तर 'व्हर्च्युआ रेसिंग' घ्या. वाचायची आणि हळूहळू पुढे जायची सवय असेल तर 'फँटसी स्टार', आणि तो एजेस मोडमध्येच सुरू करा.