वागळे इस्टेटमधला बिनबोर्डाचा गाळा, आणि आमच्या बसच्या इंजिन बेचं रबर

काल दुपारी अडीच वाजता, भर मे महिन्यात, कापूरबावडीवरून घोडबंदर रोडने गायमुखचा चढ चढून तसाच परत आलो, येताना माजिवड्याला वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभा होतो, आणि घरी आल्या आल्या डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून दोन बोटांत धरली. धरवली, म्हणजे ऑइल फार तापलं नव्हतं. ज्यांच्याकडे जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन आहे त्यांना एवढ्यावरच कळेल मी का खूश आहे ते, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण या गाडीच्या इंजिनभोवतीचं रबर बदलायचं काम ठाण्यात नीट होतं हे मला स्वतःलाच दोन वर्षं माहीत नव्हतं.

गाडी 1971 ची टाइप 2, म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन, जिला सगळे बसच म्हणतात, बे विंडो (समोर एकच मोठी काच असलेली), 1600 सीसीचं इंजिन, मागे झोपायची फळी आणि छोटं कपाट असलेली कॅम्पर. मामांकडून माझ्याकडे आली. मामा ती नाशिकला न्यायचे, माळशेजला न्यायचे, कधी तापली नाही म्हणायचे. माझ्याकडे आल्यापासून मात्र तापत होती, आणि गरम झाली की सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा मिचमिचायचा. तो दिवा मिचमिचला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण या इंजिनात ऑइल असतं जेमतेम अडीच लिटर आणि ते वंगणाबरोबर कूलिंगचंही काम करतं, ते पातळ झालं की बेअरिंगचं काही खरं नाही.

आता मुद्दा रबराचा. या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन मागे, आणि त्याच्या डोक्यावर एक मोठा पंखा, डायनॅमोच्या शाफ्टवर बसवलेला, बेल्टवर फिरणारा. गाडीच्या मागच्या कोपऱ्यांवर, खिडक्यांच्या मागे ज्या जाळ्या दिसतात ना, तिथून गार हवा इंजिन बेमध्ये, म्हणजे इंजिनच्या खोलीत येते, पंखा ती ओढतो, सिलिंडरच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) आणि ऑइल थंड करणाऱ्या ऑइल कूलरवर मारतो आणि तापलेली हवा गाडीच्या खाली जाते. इंजिनच्या चारी बाजूंनी पत्रे असतात, ते म्हणजे या खोलीची जमीन समजा. वर गार, खाली गरम, सायलेन्सरही खालीच. आणि पत्रा आणि बॉडी यांच्यामधली जी फट आहे, इंजिन हलतं म्हणून ती ठेवावीच लागते, ती बंद करायला चारी बाजूंनी एक रबर असतं. बॉडीच्या चॅनलमध्ये ते बसतं आणि त्याच्या खाचेत पत्र्याची कड जाते. बस, एवढंच. ते फाटलं की पंखा खालची तापलेली हवाच परत वर ओढतो आणि तीच पुन्हा इंजिनवर मारतो. मग तुम्ही कितीही महागडं ऑइल टाका, उपयोग शून्य.

माझं रबर फाटलं नव्हतं, ते जवळजवळ नव्हतंच. पन्नास वर्षांचं, दगडासारखं कडक, हात लावला की तुकडे पडत होते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये (नाव लिहीत नाही) दाखवलं तर त्यांनी इंजिन न उतरवता वरूनच स्पंजची पट्टी चिकटवली आणि वर सिलिकॉन फासला, म्हणाले ही फक्त धूळ येऊ नये म्हणून असते. चार महिन्यांत तो स्पंज ऑइल पिऊन लिबलिबीत झाला आणि सुटायला लागला. पुढे काय झालं ते खाली येतंच.

हा गाळा मला एका बुलेटवाल्या मित्राने सांगितला. वागळे इस्टेटमध्ये, बाहेर बोर्ड नाही, शेजारी लेथचं दुकान आहे. चालवणारे काका साठीच्या पुढचे, हाताखाली दोन पोरं. फियाट, अँबेसेडर, बीटल, सगळं जुनं तिथे दिसतं. पहिल्या दिवशी त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. इंजिन बेमध्ये एक बल्ब सोडला, शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाले, "दादा, खाली झोपा आणि बघा." मी गोणपाटावर झोपून बघितलं तर गाडीच्या खालून प्रकाशच प्रकाश, समोरच्या बाजूला तर अख्खा हात जाईल एवढी फट. मग इंजिन चालू करून त्यांनी त्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरली, धूर सरळ आत ओढला गेला. "जिथून उजेड दिसतो तिथून गरम हवा जाते," एवढंच बोलले. मला दोन वर्षांत कोणी इतकं सोपं करून दाखवलं नव्हतं.

रबर कुठलं घ्यायचं यावर आमचं बरंच बोलणं झालं, आणि इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण इथेच लोक चुकतात. माझा विचार होता की रबाळे-महापेला एवढे रबरवाले आहेत, तिथून मीटरवर बीडिंग, म्हणजे खाचेची रबरी पट्टी आणावी, स्वस्तात होईल. काकांनी एक तुकडा मागवून दाखवला, दिसायला छान, पण त्याची खाच पत्र्याच्या जाडीला बसत नव्हती आणि ओठ लहान होता, इंजिन हललं की कड सुटणार. दुसरं म्हणजे मटेरियल. ईपीडीएम रबर उन्हाला, उष्णतेला, ओझोनला मस्त टिकतं पण ऑइल आणि पेट्रोल लागलं की फुगतं. नायट्राइल ऑइलला टिकतं पण हवेतल्या ओझोनने त्याला चिरा जातात. सिलिकॉन उष्णतेला सगळ्यात भारी पण लवकर फाटतं, पत्र्याच्या धारदार कडेवर तर नक्कीच. म्हणजे परफेक्ट असं काहीच नाही. शेवटी बाहेरून या गाडीसाठीच बनवलेलं ईपीडीएमचं सील मागवलं आणि काकांची अट होती की आधी ऑइल गळती बंद करायची, नाहीतर नवं रबरही फुगेल. बरोबर होतं त्यांचं. मागवताना वर्ष मात्र नीट बघा, 71 पर्यंतच्या बसचं सील वेगळं आणि 72 पासूनचं वेगळं, कारण 72 पासून इंजिनची खोलीच मोठी केली गेली.

इंजिन उतरवायला त्यांना दीड तास लागला. मला वाटलं होतं दिवस जाईल. बॅटरी सुटी केली, पेट्रोलचा पाइप बंद करून काढला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबल, वायरिंगवर चिकटपट्टी लावून नंबर टाकले (हे मला फार आवडलं), खाली ट्रॉली जॅक, गिअरबॉक्सचे चार बोल्ट, मागचा आडवा बार, आणि शंभर किलोच्या वरचं ते इंजिन हळूहळू मागे सरकवून खाली. पंख्याचं हाऊसिंग उघडल्यावर आत काय होतं तर उंदराचं जुनं घरटं, सुकी पानं आणि त्या स्पंजचे तुकडे, सगळे जाऊन ऑइल कूलरच्या फिन्समध्ये अडकलेले. म्हणजे हवा अडवायला लावलेल्या पट्टीनेच माझा कूलर अर्धा बंद केला होता. मला तिथे उभं राहून खरंच वाईट वाटलं, मामांची गाडी आहे ती.

अजून एक गोष्ट निघाली. 71 च्या इंजिनमध्ये ऑइल कूलर बाजूला सरकवलेला आहे, जेणेकरून त्याच्यातून तापून आलेली हवा तिसऱ्या सिलिंडरवर जाऊ नये (जुन्या इंजिनांत तो सिलिंडर नेहमी जास्त तापायचा). त्या कूलरची गरम हवा खाली नेणारा पत्र्याचा एक छोटा तुकडा असतो, तो माझ्या गाडीत नव्हताच, कधीतरी कोणीतरी काढून टाकलेला. तो नसेल तर ती हवा इंजिन बेमध्येच सुटते. काकांनी शेजारच्या लेथवाल्याकडून पत्रा कापून, वाकवून, दुसऱ्या दिवशी तो बनवून बसवला. मी सांगितलंही नव्हतं.

बॉडीच्या चॅनलमध्ये गंज होता, तो तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारला, एक दिवस सुकू दिला आणि मगच रबर बसवलं. पावडर लावून, हाताने दाबत दाबत, कोपऱ्यात कापायची घाई न करता. टोकाला पोरगा रबर ताणून बसवत होता तेव्हा काका त्याला ओरडले, ताणलेलं रबर थोड्या दिवसांत आकसतं आणि टोकाला फट पडते. प्लगच्या वायरींवरची रबरी टोपणं, पत्र्यातून वायर आणि पाइप जातात तिथले ग्रोमेट (भोकातल्या रबरी कड्या), तेही सगळे नवे. बारीक भोकं दिसतात पण तिथूनही हवा पळते. इंजिन बाहेर होतंच म्हणून पेट्रोलचे पाइपही बदलले, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते चालत नाही, आणि या गाड्यांना आग लागते ती बहुतेक वेळा पेट्रोलच्या पाइपमुळेच, त्यात इंजिनचा ब्लॉक मॅग्नेशियमचा. इथे पैसे वाचवू नका, मनापासून सांगतो.

न आवडलेलं पण लिहितो. चार दिवस सांगून नऊ दिवस घेतले, आणि फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. बिल हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर. आणि मागच्या झाकणाचं, म्हणजे डिकीसारखं जे इंजिनचं झाकण आहे त्याचं रबर डाव्या कोपऱ्यात नीट बसलेलं नाही, उदबत्ती धरली तर तिथे अजून थोडा धूर आत जातो. ते रबर मी वेगळ्या ठिकाणाहून घेतलं होतं, जरा जाड आलंय, त्यामुळे पूर्ण दोष त्यांचा नाही, पण गाडी देताना त्यांनी सांगायला हवं होतं.

खर्च म्हणाल तर मजुरी 9,500, मुख्य सील शिपिंग आणि ड्युटी धरून 6,200, बाकी ग्रोमेट, पाइप, ऑइल, टॅपेट कव्हरची पॅकिंग मिळून साडेचार हजारांच्या आसपास. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर 0.15 एमएमला सेट करून दिले. माझ्या मते वाजवी आहे, रबर वीस मिनिटांत चिकटवून देतो म्हणणाऱ्यापेक्षा तर नक्कीच.

माझ्या गाडीत ऑइल टेंपरेचरचं मीटर आहे. आधी याच गायमुखच्या रस्त्यावर दुपारी काटा 125 अंशांच्या आसपास जायचा, काल तेवढ्याच उन्हात 109 ला थांबला आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये 112. दिवा एकदाही मिचमिचला नाही. आणि आत बसल्यावर तो जळका वास येत नाही, बायकोने आधी तेच ओळखलं, मी मीटर बघत होतो आणि ती म्हणाली, "आज वास नाही रे येत."

झाकणाचा कोपरा शनिवारी दाखवायला नेतोय. काका म्हणालेत सकाळी दहाच्या आत ये, नंतर गाळ्यासमोर टेम्पो लागतात आणि बस आत घेता येत नाही. कोणाला जायचं असेल तर हे लक्षात ठेवा, आणि गाडी गार असताना न्या, गरम इंजिनला ते हात लावत नाहीत.