जुनी येझदी उभी करायची की नवी क्लासिक सजवायची?

माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात नुकताच कायम झाला. गाडीसाठी त्यानं अडीच लाख बाजूला काढलेत आणि दोन गाड्यांनी त्याची झोप उडवली आहे. एक शोरूममधली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. दुसरी कागलच्या अलीकडे एका गोठ्याच्या कडेला, युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकलेली येझदी रोडकिंग. मालक पासष्ट हजार म्हणतोय. "मामा, कुठली घेऊ?"

रोडकिंग मी अकरा वर्षं चालवतोय. चार वर्षांपूर्वी घरात क्लासिकही आली. ती मुलगा वापरतो, कधीमधी मीही काढतो. दोन्ही गाड्यांवर गेलेला पैसा एका वहीत लिहिलेला आहे. रंकाळ्यावर रविवारी सकाळी गाड्या लागतात तिथं हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून भाच्याला जे सांगितलं ते सविस्तर लिहितोय.

रोडकिंग म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. २५० सीसी, टू-स्ट्रोक. सिलेंडर एकच, पण एक्झॉस्टचे पोर्ट दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून उभी केली की किक, गाडी चालू झाली की तीच खाली घ्यायची आणि पायानं गिअर टाकायचे. या दांडीवर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हातातली क्लच केबल तुटली तरी माणूस घरी पोचतो. माझी एकदा निपाणीजवळ तवंदी घाटात तुटली, तसाच कोल्हापूरपर्यंत आलो. कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे सगळ्यात तरुण रोडकिंगसुद्धा आज तिशीला टेकली आहे.

क्लासिकचं सध्याचं इंजिन २०२१ च्या सप्टेंबरात आलं. ३४९ सीसी, २०.२ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन १९५ किलो. बटणस्टार्ट, फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस. रूप महायुद्धानंतरच्या बुलेटचं, आत सगळं आजचं.

दोघींतला फरक पन्हाळ्याच्या रस्त्यावर कळतो. चढताना क्लासिक गुमान चढते, येझदी गात गात चढते. खरी परीक्षा उतरताना. क्लासिकची अॅक्सिलरेटरची मूठ सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, वर एबीएस आहे. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचा ब्रेक नावापुरता, आणि येझदीला पुढं-मागं दोन्ही ड्रम. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोडकिंगचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मूठ बंद ठेवून लांब उतार उतरलात तर पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि पिस्टन कोरडा फिरतो. म्हणून वाघबीळला येईपर्यंत मी अधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी पिळतो. ही सवय लावून घ्यायची तयारी नसेल तर जुनी येझदी घेऊच नये. वेगात पिस्टन जाम झाला की मागचं चाक बसतं आणि सावरायला वेळ मिळत नाही.

खर्चाचं सांगतो. माझी रोडकिंग घेतली तेव्हा चालू होती, दोन महिन्यांत इंजिन खोलावं लागलं. सिलेंडर घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आतल्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, डायल गेज सोडला, वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी मापलं आणि काटा मला दाखवला. तिन्ही ठिकाणी आकडा वेगळा. "मालक, बोअर अंड्यासारखी झालीया. नुसत्या रिंगा घालून धूर थांबायचा न्हाई."

मूळ बोअर ६५ मिलिमीटरची. पाव-पाव मिलिमीटरनं मोठे पिस्टन मिळतात, म्हणून सिलेंडर थोडा थोडा कापत काही वेळा वाचवता येतो, पुढं आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवावी लागते. मिस्त्रींनी बोअर केली, आतून गुळगुळीत घासायचे होनिंगचे दगड फिरवले, डिझेलनं धुऊन फडक्यानं पुसलं. मग नवा पिस्टन, रिंगा न घालता, नुसता वरून आत ठेवला आणि हात काढून घेतला. पिस्टन आपल्याच वजनानं, कुठं न अडकता, सावकाश खाली उतरत गेला. "असा जायला पायजे," एवढंच ते बोलले. त्या कामाला आता दहा वर्षं झाली, अजून सिलेंडर उघडलेला नाही.

कोल्हापुरात जुनी गाडी पाळणं सोपं आहे ते यामुळंच. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या सगळ्या पट्ट्यात ओतकाम आणि लेथकाम म्हणजे लोकांचा रोजचा धंदा. बाजारात न मिळणारा एखादा बुश किंवा पिन इथं दोन दिवसांत वळून मिळते. तरीही पहिल्या दोन वर्षांत खरेदीच्या किमतीशिवाय सत्तर हजार गेले. इंजिन, क्रोम, रिम, वायरिंग, दोन्ही सायलेन्सर. त्यानंतर वर्षाला सहा-सात हजार. क्लासिकचं सर्व्हिसिंग वर्षाला चार-पाच हजारांत होतं. मायलेज येझदीचं पंचविसाच्या आसपास, क्लासिकचं तीस ते पस्तीस. एवढ्यावरून कुणी निर्णय घेऊ नये.

निर्णय घ्यायचा तो कागदावरून. इथं भाच्याला मी सगळ्यात जास्त वेळ बसवून ठेवलं.

जुन्या गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. गोठ्याकडेच्या गाड्यांचं हे नूतनीकरण बहुतेक वेळा झालेलंच नसतं. त्यात आरसी बुकावर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारस चार, त्यातले दोघं पुण्यात. असं असेल तर विकणाऱ्याला आधी गाडी स्वतःच्या नावावर करायला लावा, मग पैसे द्या. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर स्वतः पुसून वाचा आणि बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. तीस वर्षांत इंजिनं अदलाबदल झालेली असतात. नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरायचं. एका जावासाठी मी स्वतः हे केलं नाही, आणि ती गाडी दीड वर्ष माझ्या दारात उभी राहून शेवटी सुट्या भागांत विकली गेली. ते दुःख अजून जात नाही.

कुणी म्हणेल, "व्हिंटेजमध्ये नोंदवू की." २०२१ साली केंद्रानं तो नियम केला खरा, पण तो पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची. शिवाय चासी, बॉडी, इंजिन मुळातलं हवं. रोडकिंगचा अजून तिथं नंबरच लागत नाही.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं गल्ल्याच्या गल्ल्या पाण्यात घातल्या आणि तिथल्या गाड्या दिवसेंदिवस बुडून होत्या. त्यातल्या कितीतरी रंग मारून पुन्हा बाजारात आल्या. हेडलाइटची काच काढायला सांगा आणि वाटीच्या तळाशी बोट फिरवा. बोटाला बारीक, पिठासारखा गाळ लागला तर समजायचं. टूलबॉक्सचे कोपरे आणि सीटखालची वायरिंगही बघा.

आता सजवण्याकडे येऊ, कारण मन तिथंच अडकलेलं असतं. नवी क्लासिक घेऊन तिचा बॉबर किंवा कॅफे रेसर करायचा, मागची फ्रेम कापायची, एकाची सीट ठेवायची, मोठा आवाज काढणारा सायलेन्सर बसवायचा, असं भाच्याच्या फोनमध्ये शंभर फोटो आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलं. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून. फ्रेम कापली की नोंदणी धोक्यात येते आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी तेच बोट दाखवते. सायलेन्सरचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, जप्त केलेल्या सायलेन्सरवरून पोलीस रोडरोलर फिरवतात. मला त्यात वाईटही वाटत नाही. गल्लीत लहान पोरं, म्हातारी माणसं असतात.

मग क्लासिकवर करण्यासारखं काय उरतं? बरंच. चांगलं सीट, गोल आरसे, लेगगार्ड, कॅनव्हासच्या बॅगा, पेट्रोल टाकीला गुडघ्यापाशी रबरी पॅड. पंधरा-वीस हजारांत गाडी तुमची वाटायला लागते आणि उद्या विकायची झाली तर सगळं काढून ठेवता येतं. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांतून रस्त्यावर चिखल आणि चिपाडं पडतात, म्हणून टायरवर मात्र हात आखडू नका.

जुन्या गाडीवर मी त्याहून कमी करतो. ठिणगी पाडणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सीडीआय, चांगला हॅलोजन बल्ब, नवे टायर, बस. हे बदल उभ्या गाडीत दिसतही नाहीत. बाकी सगळं कारखान्यातून आलं तसं. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा लहानथोर टाचा उंच करून तिच्याकडे बघतात. १९३० च्या दशकातली गाडी, आजही आपल्या मूळ रूपात. या शहराची नजर त्या गाडीवर तयार झाली आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून रंकाळ्यावर माझ्या येझदीपाशी कुणी थांबलं की पहिला प्रश्न येतो, "ओरिजनल हाय काय?" मग माणूस वाकतो, टाकीवरची अक्षरं बघतो, आणि किकच्या दांडीपाशी आला की त्याला त्याचे वडील आठवतात. क्लासिकपाशीही लोक थांबतात, पण ते किंमत आणि मायलेज विचारून पुढं जातात.

दाखवायला न्यायचं तर ऋतूही बघा. जावा-येझदीवाल्यांचा दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी असतो, आणि जुलैत कोल्हापुरात पाऊस किती असतो हे सांगायला नको. क्रोमवर पाणी सुकलं की दोन दिवसांत ठिपके धरतात. घरी आल्या आल्या कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग स्वतः अंघोळीला जायचं.

बाकीच्या गाड्या थोडक्यात. यामाहाची आरएक्स १०० हलकी, चपळ, ऑइलची टाकी वेगळी असल्यानं मिसळायची कटकट नाही. पण तिच्या किमती आता शहाणपणाच्या पलीकडे गेल्यात. कास्ट आयर्न बुलेट मला फार आवडते, मात्र गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, घरातल्या दुसऱ्या गाडीवरून तिच्यावर बसलं की चौकात चूक होते. होंडाची सीबी ३५० क्लासिकपेक्षा हलकी आणि नीट चालते. २०२२ साली परत आलेली येझदी ३३४ सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. चांगली गाडी आहे, जुन्या येझदीशी नातं नावाचं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्यांना ४० टक्के. त्यामुळे ४०० किंवा ६५० ची हौस असेल तर आधी हिशेब मांडा.

भाच्याची पहिली शिफ्ट सकाळी सातला. हायवेनं जायचं, पावसाळा चार महिने, घरात दुसरी गाडी नाही. एवढंच असतं तर मी डोळे झाकून क्लासिक म्हणालो असतो. पण त्याच्याकडे अडीच लाख आहेत. त्याला तिसरा हिशेब मांडून दिला. चाळीस-पंचेचाळीस हजारांत एक चांगली सेकंडहँड स्प्लेंडर कामावर जायला. येझदी पासष्टला, घासाघीस केली तर त्याखाली. सत्तर-ऐंशी हजार तिच्या कामाला, सावकाश, दोन वर्षांत. तरीही साठ ते पंचाहत्तर हजार शिल्लक. हे मी त्याला सांगितलं कारण लहानपणी तो माझ्या गॅरेजात पान्हे मांडून बसायचा आणि आजही त्याचा हात स्वच्छ चालतो. ज्याला स्पॅनर धरायचा कंटाळा आहे त्यानं हा मार्ग धरू नये, क्लासिक घ्यावी, तिला जशीच्या तशी ठेवावी आणि गगनबावड्याला फिरायला जावं. येझदीचे कागद जुळले नाहीत तर भाच्यानंही तेच करायचं ठरलंय.

येत्या रविवारी आम्ही गाडी बघायला जातोय. मालकानं दहाला बोलावलंय, आम्ही आठलाच पोचणार. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनावर तळहात ठेवायचा. गार लागलं तर किक मारायची. कोमट लागलं तर आपण यायच्या आधी गाडी कुणीतरी चालू करून ठेवली, असं समजून चहा घ्यायचा आणि इंजिन पूर्ण गार होईपर्यंत तिथंच बसून राहायचं.