खाऱ्या हवेतले दहा महिने : बेस गिटारवर फ्लॅटवाउंड तारा

आमचं घर मालवणात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंख्याचे स्क्रू, इथे सगळंच गंजतं. आठ वर्षं मी निकेल-प्लेटेड राउंडवाउंड तारा वाजवल्या. नवा सेट चढवला की दहा-बारा दिवस खणखणीत आवाज, तीन आठवड्यांत तारा मुक्या. राउंडवाउंडमध्ये गाभ्याच्या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. दोन वेढ्यांमधल्या खाचेत घाम, हाताचा मळ आणि इथला खार जाऊन बसतो, आणि तारेची चमक आधी मरते. उकळत्या पाण्यात घालूनही पाहिल्या. मळ सुटतो, चार दिवस आवाज परत येतो, पण पाणी गाभ्यापर्यंत शिरतं आणि मग गंज आतून धरतो.

जानेवारीत फ्लॅटवाउंड घेतल्या. स्टेनलेस स्टीलच्या, 45 ते 100 जाडीच्या (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात), चार तारांच्या बेससाठी, ज्यात तारेची वाजणारी लांबी 34 इंच असते. पैसे माझ्या नेहमीच्या सेटच्या दुपटीहून जास्त गेले. यात गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळतात, त्यामुळे तार बोटाला गुळगुळीत लागते आणि हात सरकवताना होणारा चर्र आवाज जवळजवळ बंद होतो.

चढवताना माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. ए ची तार मी आधी कापली आणि मग खुंटीत घातली. फ्लॅटवाउंड आधी काटकोनात वाकवायची आणि त्या वाकाच्या पुढे कापायची, नाहीतर वरची पट्टी गाभ्यावरून सैल होते. माझी झाली. तार लाकडी ठोकळ्यासारखी वाजायला लागली, सुटी तार कुठे मिळेना, आणि दुसरा सेट येईपर्यंत पंधरा दिवस बेस भिंतीला टेकून राहिला.

जाडी तीच असली तरी ताण वाढतो, कारण चपट्या पट्टीत पोकळी कमी आणि धातू जास्त. नेक, म्हणजे बेसची मान, पुढे झुकली, बाराव्या फ्रेटपाशी तारा उंच आल्या. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सरळ करणारी सळई) पाव फेरा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा, मग इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का ते, पुन्हा. हे काम धरूनच चला.

आता आवाज. पहिले तीन आठवडे थोडा धातूचा खणका होता, नंतर तो बसला. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि वाडीतल्या भजन मंडळातही. भजनात माझा राउंडवाउंड बेस कायम पखवाजाशी भांडायचा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की आवाज कसा खाली उतरतो, गोल होतो, तसंच काहीसं फ्लॅटवाउंडचं आहे. सूर उमटतो, भरतो आणि लवकर विझतो, पुढच्या थापेला जागा देतो. शिमग्यानंतरच्या भजनाच्या एका बारीत गजर संपल्यावर बुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बरा लागता. पखवाजाक आड येणा नाय." आठ वर्षांत पहिल्यांदा बुवा माझ्या बेसबद्दल आपणहून काही बोलले.

फ्लॅटवाउंड म्हणजे जुनाट, मऊ, जॅझवाल्यांच्या तारा, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. 1951 मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तो याच तारांवर. राउंडवाउंड बेसवर रुळल्या त्या 1960 च्या दशकात, 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन एंटविसलला चमकदार आवाज हवा होता तेव्हा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. आणि आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस आजही फ्लॅटवाउंडच वाजवतो, त्याचा आवाज कोण मऊ म्हणेल?

पण ऑर्केस्ट्रात मी अडचणीत आलो. मांडवात सबवूफर नसेल, नुसते छोटे बॉक्स असतील, तर खालची ई ऐकूच येत नाही. तिचा मूळ सूर 41 हर्ट्झच्या आसपास, तो छोट्या स्पीकरमधून निघत नाही. राउंडवाउंडचे वरचे सूर तिथे कानाला ती ई दाखवतात, फ्लॅटवाउंडमध्ये ते कमी. चतुर्थीतल्या एका कार्यक्रमात मी दोन तास जोरजोरात वाजवत होतो आणि समोरच्यांना बेसचा पत्ताच नव्हता. स्लॅपही (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) यावर रंगत नाही. म्हणून जुन्या बेसवर राउंडवाउंड ठेवल्या आहेत, तो फक्त ऑर्केस्ट्राला नेतो. एकच बेस असेल आणि डिस्कोची गाणी जास्त वाजवत असाल, तर फ्लॅटवाउंड घेऊ नका.

बाकी सगळ्यांना, विशेषतः देवगड-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना, मी डोळे झाकून फ्लॅटवाउंड सांगेन. अख्खा पावसाळा गेला, सेट तोच आहे. वाजवून झालं की आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने तारा पुसतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. ब्रिजजवळ जी च्या तारेवर नखाएवढा तपकिरी डाग आला आहे. आवाजात अजून काही फरक नाही, त्यामुळे नवा सेट कपाटात बंदच आहे.